रिफर्बिश्ड कॅमेरा ऑनलाइन घेताना नेमकं काय तपासायचं? (निकॉन डी७२०० + २००-५००, नागपूर)

फुटाळा_काठ
एका ऑनलाइन दुकानात निकॉन डी७२०० ची बॉडी आणि २००-५०० एफ/५.६ लेन्स अशा दोन्ही वस्तू 'रिफर्बिश्ड, ग्रेड ए' म्हणून दिसताहेत. दुकान दिल्लीचं. विक्रेत्याची सहा महिन्यांची वॉरंटी आणि परत करायला ७ दिवस. जाहिरातीत शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) १२ हजार लिहिलाय. वापर मुख्यतः गोरेवाडा आणि अंबाझरीचे पक्षी, पावसाळ्यानंतर ताडोबा. धोके नेमके कुठे आहेत आणि ७ दिवसांत काय काय तपासता येईल? 'नवीनच घे' हा सल्ला कृपया नको, बजेटच नाही.

भिंगवाला
आधी 'रिफर्बिश्ड' या शब्दावरचा विश्वास जरा कमी करा. कंपनीने स्वतः परत घेऊन, तपासून, सुटे भाग बदलून, स्वतःच्या वॉरंटीसह विकलेला कॅमेरा ही एक गोष्ट झाली. आपल्याकडच्या वेबसाइटवर दिसणारा माल बहुतेक वेळा तसा नसतो. विक्रेत्याने जुना कॅमेरा घेतला, ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारला, सैल रबर चिकटवलं, नवा पट्टा घातला, की झाला रिफर्बिश्ड. ग्रेड ए, ए प्लस, एक्सलंट ही लेबलं प्रत्येक दुकानाची स्वतःची असतात, त्यांना सामाईक मोजमाप नाही. बहुतेकदा ती बाहेरच्या ओरखड्यांवरून दिलेली असतात आणि आतल्या शटरशी त्यांचा काही संबंध नसतो.

म्हणून विक्रेत्याला तीनच प्रश्न लेखी विचारा. तपासणी कोणी केली? कोणता भाग बदलला? वॉरंटीत शटर आणि लेन्सची मोटर येते का? 'सहा महिने वॉरंटी'च्या खाली बारीक अक्षरात 'फक्त मजुरी, सुटे भाग वेगळे' असं असेल तर ती वॉरंटी धरूच नका. दिल्लीला पाठवण्याचा कुरिअर खर्च कोणाचा, तेही आत्ताच विचारून घ्या.

दुसरं म्हणजे ग्रे मार्केट. परदेशातून परस्पर आलेल्या बॉडीला इथल्या कंपनीची वॉरंटी लागत नाही. डी७२०० इतका जुना आहे की कंपनीची वॉरंटी तशीही संपलेली, त्यामुळे तुम्हाला फार फरक पडणार नाही. पण उद्या कोणी सोनीची मिररलेस स्वस्तात पाहत असेल तर जपानच्या देशांतर्गत मॉडेलमध्ये मेन्यू फक्त जपानी भाषेत असतो आणि तो बदलता येत नाही, हे लक्षात ठेवा.

एफ_आठ
ऑर्डरच्या आधी एक काम करा. त्या बॉडीने काढलेला ताजा जेपेग मागवा, मूळ फाइल, एडिट न केलेला. फोटोत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी. सोबत बॉडीच्या तळावरच्या सिरीयल नंबरचा फोटो.

मग एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम उतरवा. विंडोजवर फोटोची फाइल त्याच्या आयकनवर ओढून सोडली की माहितीची लांब यादी उघडते. त्यात दोन ओळी शोधायच्या, 'शटर काउंट' आणि 'सिरीयल नंबर'. निकॉन हे दोन्ही फाइलमध्येच लिहितो. सिरीयल तळावरच्या नंबराशी जुळला नाही तर एकतर फोटो दुसऱ्या कॅमेऱ्याचा आहे, नाहीतर तळाचं कव्हर बदललंय.

डीएससी_०४१२ असं फाइलचं नाव पाहून 'फक्त ४१२ फोटो काढलेत' म्हणणारे विक्रेते असतात. तो आकडा ९९९९ नंतर परत पहिल्यापासून सुरू होतो आणि मेन्यूतून कधीही रिसेट करता येतो. त्याला काही अर्थ नाही.

कॅननवाल्यांसाठी: बहुतेक कॅनन डीएसएलआर फाइलमध्ये काउंट लिहीत नाहीत. यूएसबीने कॅमेरा जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने तो वाचावा लागतो, म्हणजे वस्तू हातात आल्यावरच.

खसताटी
शटर काउंटला लोक गाडीच्या किलोमीटरसारखं धरून बसतात, मला ते अर्धंच पटतं. डी७२०० चं शटर कंपनीने दीड लाखासाठी तपासलेलं, डी५०० आणि डी८५० चं दोन लाखांसाठी. ही हमी नव्हे. तीन लाखांनंतरही चालणारी शटर आहेत आणि चाळीस हजारांवर गेलेलीही.

काउंट काय सांगत नाही ते जास्त महत्त्वाचं. व्हिडिओचे तास त्यात नीट दिसत नाहीत. एका क्लिपला शटर एकदा-दोनदाच हलतं, पण सेन्सर क्लिपभर तापत राहतो. लग्नाच्या व्हिडिओवर चाललेली बॉडी कमी काउंटची आणि तरी थकलेली असू शकते.

आणि लग्नाचा कॅमेरा म्हटलं की डीजेचा लेझर आला. थेट लेन्समध्ये शिरलेला लेझर सेन्सर जाळतो. फोटोत आरपार रंगीत उभी-आडवी रेष किंवा ठिपक्यांचा पुंजका कायमचा राहतो. सेन्सर बदलणं हाच त्यावर उपाय, आणि तो खर्च या किमतीच्या कॅमेऱ्याला परवडत नाही. माझ्या मते ही तपासणी काउंटच्याही आधीची.

एफ_आठ
खसताटी, मान्य. पण जाहिरातीतला काउंट आणि फाइलमधला काउंट जुळतो का, हे विक्रेता खरं बोलतो की नाही हेही सांगतं. त्यासाठी तरी पाहावाच.

काळी_काच
बॉडीपेक्षा लेन्समध्ये फसगत जास्त होते, कारण लेन्सला काउंटच नसतो. २००-५०० बद्दल सविस्तर लिहितो.

बुरशी. दोन्ही झाकणं काढा, खोली अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून पाहा. मग उलट करा. सरळ प्रकाशात काही दिसत नाही, तिरक्यातच दिसतं. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे पसरलेला दुधी थर म्हणजे हेझ. सुटे धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, झूम करताना लांब होणारी लेन्स हवेसोबत धूळ ओढतेच, चारसहा कणांनी फोटोत काही दिसत नाही. बुरशी मात्र साफ केली तरी तिने कोटिंग खाल्लेलं असतं. तो डाग राहतो आणि सूर्यासमोर फोटो पांढुरका येतो. 'साफ करून दिली आहे' हे रिफर्बिश्ड लेन्सबाबत वाचलं तर नेमकं काय साफ केलं ते विचारा.

ओरखडे. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत जवळजवळ दिसत नाही. मागच्या काचेवरचा दिसतो. लोक उलटं घाबरतात.

स्क्रू. माउंटच्या (लेन्स बॉडीला बसते तिथल्या) धातूच्या कड्यावरचे स्क्रू भिंगाने पाहा. खाच झिजलेली किंवा काळा रंग उडालेला असेल तर लेन्स उघडलेली आहे. उघडणं गुन्हा नाही, पण उघडून नीट बसवली नसेल तर फोटोची एक बाजू मऊ, म्हणजे अस्पष्ट, येते.

छिद्र, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती. निकॉनच्या जुन्या जी प्रकारच्या लेन्समध्ये मागे एक छोटी दांडी असते, ती सरकवून सोडली की पाती खटकन परत यायला हवीत. रेंगाळली तर पात्यांवर तेल उतरलंय. २००-५०० ही ई प्रकारची, तिला ती दांडी नाही. तिथे कॅमेऱ्याला लावून मॅन्युअल मोडवर एफ/१६ ठेवा आणि एकाच भिंतीचे सलग दहा फोटो काढा. सगळ्यांचा उजेड सारखा हवा. मधलेच दोन उजळ आले तर पाती अडकताहेत.

बटणं. व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू-बंद, नॉर्मल-स्पोर्ट, फोकसची ६ मीटर ते अनंतची मर्यादा, २०० वरचं झूम लॉक, सगळं एकेकदा वापरून पाहा. व्हीआर सुरू झाल्यावर हलकी घरघर चालते. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारत असेल तर चालत नाही.

कॅननच्या जुन्या २४-१०५ एफ/४ एल बद्दलही इथेच सांगतो, ती रिफर्बिश्डमध्ये फार फिरते. तिच्यात छिद्राची रिबन केबल तुटण्याची खोड आहे. एफ/४ वर सगळं ठीक चालतं, एफ/८ केलं की 'एरर ०१'. विक्रेता दाखवताना एफ/४ वरच दाखवतो.

वऱ्हाडी_पाखरू
राजेहो, एक गोष्ट कोणी सांगून नाई राहिलं. बुरशी फक्त कोकणातल्याच लेन्सले लागते असं समजून राहिले काय? आपल्या इथं उन्हाळ्यात डेझर्ट कूलर चालते. खिडकीले खसची टट्टी, पाण्याचा पंप सुरू, अन् त्याच खोलीत कपाटात चामड्याच्या बॅगेत लेन्स. बाहेर ४५ डिग्री कोरडं, आत ओलं अन् कोमट. बुरशीले आणखी काय पाह्यजे? वर जुलै-ऑगस्टची दमट हवा येतेच.

अन् उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली लेन्स म्हणजे ग्रीस पातळ होऊन पात्यांवर आलीच समजा. बॉडीची रबर ग्रिप फुगून सैल होते, चिकट होते. नव्यानं चिकटवलेली ग्रिप दिसली तर कॅमेरा उन्हात राह्यला का, हे विचारा भाऊ.

ताडोबा-पेंचच्या जिप्सीत फिरलेली लेन्स तं झूम रिंग फिरवूनच कळते. हळू फिरवा, कान लावा. करकर आली तर माती आत गेली. रिंगच्या रबराखाली नखानं पाहा, लाल-पिवळी माती तिथंच बसते.

फुटाळा_काठ
भरपूर माहिती, आभार. आता समजा पार्सल आलं. ७ दिवसांत कोणत्या क्रमाने तपासू? सगळं एकाच दिवशी होईल असं वाटत नाही.

भिंगवाला
७ दिवस म्हणजे प्रत्यक्षात चारच धरा. परतीची विनंती नोंदवायला आणि फोटो चढवायला वेळ जातो. शिवाय मुदत पार्सल पोचल्यापासून मोजतात की बिलाच्या तारखेपासून, तेही वाचून ठेवा.

खोका उघडताना एकसलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता. सुरुवात कुरिअरच्या लेबलपासून: तुमचं नाव आणि एअरवे बिल नंबर वाचता यायला हवा. मग सहाही बाजू, टेपची शिवण, आणि त्यानंतर कात्री. आतली प्रत्येक वस्तू लेन्सच्या टोपणासकट टेबलावर ठेवा आणि सिरीयल नंबर जवळून दाखवा. तोडून जोडलेला व्हिडिओ विक्रेते मान्य करत नाहीत. खोका उघडण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तेही व्हिडिओत घ्या. डी७२०० ची नुसती बॉडी ६७५ ग्रॅम, बॅटरी-कार्डसह ७६५. २००-५०० ट्रायपॉड कॉलरसह सुमारे २.३ किलो. काटा याहून कमी दाखवत असेल तर खोका उघडण्याआधीच काहीतरी गडबड आहे हे कळतं.

पहिल्या दिवशी बॉडी. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि सेटअप मेन्यूत बॅटरी इन्फो उघडा. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ दिसतं, ० नवी आणि ४ संपलेली. दोन्ही एसडी खाचांत कार्ड घालून फोटो काढा. चक्र, बटणं, यूएसबी, एचडीएमआय, माइकचं भोक, पॉप-अप फ्लॅश, काहीही सोडू नका.

मग सेन्सर. आयएसओ १००, एफ/२२, फोकस मॅन्युअलवर अनंताला, आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा लॅपटॉपच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्याचा फोटो. काढताना कॅमेरा थोडा हलवा म्हणजे भिंतीचे डाग पुसले जातात, सेन्सरचे राहतात. ब्लोअर मारून पुन्हा काढा. सरकलेला किंवा गेलेला ठिपका म्हणजे धूळ. जागच्या जागी राहिला तर चिकट तेलाचा थेंब किंवा ओरखडा. तेल एपीएस-सी (या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या) मापाच्या स्वॉबने, म्हणजे सेन्सर पुसायच्या काडीने, निघतं, ओरखडा निघत नाही.

लेझर आणि हॉट पिक्सेलसाठी (अंधारातही रंगीत चमकणारे सेन्सरचे ठिपके) लेन्सचं टोपण लावा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, आयएसओ ८०० वर ३० सेकंदांचा फोटो काढा. शंभर टक्के मोठा करून पाहा. ३० सेकंदांना दोनचार रंगीत ठिपके चालतात. नेहमीच्या १/६० ला आयएसओ २०० वरही तेच दिसले, किंवा सलग रेष दिसली, तर परत.

शटरसाठी १/८००० वर कोऱ्या आकाशाचे पाचसहा फोटो. फ्रेमच्या एका कडेला काळसर पट्टा येत असेल तर शटरचे दोन पडदे एका वेगाने धावत नाहीत. कमी काउंटच्या बॉडीतही हे सापडतं, आणि १/२५० ला ते मुळीच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी फोकस. २००-५०० लावा, ट्रायपॉडवर व्हीआर बंद, ५०० मिमी, एफ/५.६. गच्चीवरून पन्नासेक मीटरवरची अक्षरं पकडा, पाण्याच्या टाकीवरचं कंपनीचं नाव उत्तम. एकदा व्ह्यूफाइंडरने फोकस करून फोटो, एकदा लाइव्ह व्ह्यूने. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ असेल तर लेन्स चांगली, फक्त जुळवणी चुकली आहे. डी७२०० मध्ये ही जुळवणी सुधारायला मेन्यूत एएफ फाइन ट्यून आहे, उणे २० ते अधिक २०. पाच-सातपर्यंत लागलं तर लावा आणि विसरा. पंधराच्या पुढे जायला लागलं तर कुठेतरी मार बसलाय. दोन्ही फोटो मऊ असतील तर दोष लेन्समध्येच.

खसताटी
याला एक जोड. नागपुरात ही चाचणी सकाळी सातच्या आत करा. ऊन चढलं की गच्च्या आणि पत्र्यांवरून वर जाणारी गरम हवा ५०० मिमीला चित्र उकळल्यासारखं हलवते आणि चांगली लेन्सही मऊ वाटते. मार्च ते जूनमध्ये चांगल्या लेन्सही याच गैरसमजातून परत जातात. शंका आली तर तीच चाचणी १५ मीटरवर भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्रावर करा. चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहा. कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असणारच. डावे दोन धारदार आणि उजवे दोन फुसके असतील तर आतली काच कललेली आहे.

कलम_३४
कायद्याचं थोडं. 'सेल्ड प्रॉडक्ट इज ॲज इट इज, नो रिटर्न' असं बिलावर छापलं म्हणून विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. म्हणून तक्रार फोनवर करू नका, ईमेलने किंवा साइटच्या फॉर्मवर करा आणि तिकीट नंबर जपा.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे दुकान दिल्लीचं असलं तरी नागपूर जिल्हा आयोग चालतो. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत २ वर्षं. जाहिरातीचं पान आजच स्क्रीनशॉट करून ठेवा, 'शटर काउंट १२ हजार' या ओळीसकट. वस्तू विकली गेली की ते पान नाहीसं होतं.

बिलावर जीएसटी नंबर आणि सिरीयल नंबर दोन्ही हवेत. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव आणि तो चालू आहे की रद्द, हे लगेच कळतं. सिरीयल नसलेलं बिल दाखवून 'ही बॉडी आमची नव्हेच' म्हणणं सोपं जातं.

बर्डी_ते_सदर
पैसे देण्याबद्दल. क्रेडिट कार्डाने दिले तर वस्तू न आल्यास किंवा वेगळीच आल्यास बँकेकडे चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत) मागता येतो. यूपीआयने थेट विक्रेत्याच्या नंबरवर पाठवलेल्या पैशाला तशी सोय नाही. 'साइटवर कमिशन जातं, थेट पाठवा, दोन हजार कमी घेतो' म्हटलं की तिथूनच मागे फिरा. साइटबाहेर गेलात की परतीची मुदतही गेली.

वैयक्तिक जाहिरातींच्या साइटवर 'मी फौजेत आहे, पोस्टिंग झालं, कॅमेरा विकायचाय' हा जुना सापळा अजून चालतो. ओळखपत्राचा फोटो येतो, आधी कुरिअर शुल्क, मग विमा शुल्क. उलट तुम्ही विकत असाल तर 'पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा' येतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

काळी_काच
'फ्री कॉम्बो'ला भुलू नका. ६४ जीबी कार्ड फुकट म्हणजे बहुधा ८ किंवा १६ जीबीचं, आकडा बदललेलं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफथ्री, पूर्ण कार्ड भरून वाचून पाहतात. ते न करता ताडोबात वापरलं तर सोळाव्या जीबीनंतरचे वाघ कोरे. बनावट बॅटरी फुगली की खाचेत अडकून बसते, काढताना दार मोडतं. निकॉनची ईएन-ईएल१५ स्वतंत्रपणे नवी घ्या, कॉम्बोतली कोणाला देऊही नका.

लेन्स-बॉडी जुळते का हेही पाहून घ्या, सूट मिळते म्हणून लोक भलतंच उचलतात. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० ला आतली फोकस मोटर नाही, त्यांवर स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. उलट नव्या एएफ-पी प्रकारच्या लेन्स जुन्या डी९० आणि डी७००० वर फोकसच करत नाहीत. तुमच्या जोडीला ही अडचण नाही.

फुटाळा_काठ
अपडेट. विक्रेत्याने फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. एक्झिफटूलमध्ये काहीच दिसत नाही, ना काउंट ना सिरीयल.

एफ_आठ
फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं आणि ती माहिती पुसतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा ईमेल.

फुटाळा_काठ
आली. सिरीयल जुळतो. शटर काउंट ६१,०००. विचारल्यावर उत्तर: 'सर, लिस्टिंग टीमची टायपिंग मिस्टेक.'

खसताटी
६१ हजार डी७२०० ला अजिबात जास्त नाहीत. बॉडी घेण्यासारखी असू शकते. १२ हजार काउंटच्या किमतीत मात्र नाही.

कलम_३४
आणि ते उत्तर ईमेलवर घ्या. 'काउंट ६१,०००, सिरीयल अमुक, सुधारित किंमत अमुक' हे लेखी आलं आणि बिलावर सिरीयल येणार असेल तरच पुढे जा. ऑर्डर साइटवरूनच, सुधारित जाहिरातीवरून.

भिंगवाला
लेन्सचं काय? तिचे टॉर्च मारलेले फोटो मागितले का? बॉडीत काउंटची 'टायपिंग मिस्टेक' करणाऱ्याकडून २.३ किलोची लेन्स न पाहता घेऊ नका. मी असतो तर बॉडी आधी एकटी मागवली असती. तिची चार दिवसांची तपासणी पार पडली की मग लेन्स. दोन्ही एकदम आल्या आणि फोटो मऊ आला तर दोष कोणाचा हे ठरवण्यातच मुदत निघून जाते. घरी १८-५५ ही साधी लेन्स असेल तर बॉडी तिच्यावरही तपासता येते.

वऱ्हाडी_पाखरू
अन् लेन्स आली की पहिल्याच दिवशी घट्ट झाकणाचा डबा घ्या भाऊ, आत सिलिका जेल अन् छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० मधी ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की वाळवा, पण जेवणाच्या कढईत नाई. कूलरच्या खोलीत तं डबासुद्धा नको.